रेडिओ ते मोबाईल : यंत्र घरात आले, समजून कधी घेणार?

विजेवर आणि सेलवर चालणाऱ्या लहानमोठ्या यंत्रांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत आपल्या घराचे रूपच पालटून टाकले आहे. कोल्हापुरातील कोणत्याही कामगार वस्तीत जा. शिरोलीच्या फौंड्रीत जाणाऱ्या बापाच्या खिशात मोबाईल असतो, कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या हातात मोबाईल असतो आणि रडणाऱ्या नातवाला गप्प करायला आजीही मोबाईलच पुढे करते. भिंतीवर टी.व्ही. असतो. कपाटावर एखादा जुना टेपरेकॉर्डर धूळ खात पडलेला असतो. तो चालत नाही. पण टाकून द्यावा असेही कुणाला वाटत नाही.

ही यंत्रे आपल्यापर्यंत कशी आली, त्यांनी आपल्याला काय दिले आणि यापुढे काय येणार, याचा विचार आपण सर्वांनी करायला हवा. कारण यंत्र विकत घेणे वेगळे आणि यंत्र आपले होणे वेगळे. पहिल्यासाठी पैसे लागतात. दुसऱ्यासाठी पैशाबरोबर आणखीही काही लागते. ते काय, हेच आम्हाला या लेखात सांगायचे आहे.

आधी वीज, मग रेडिओ

सर्व यंत्रांच्या मुळाशी वीज आहे. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. १९४४ साली सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड स्थापन झाले ते याच काळात. देशाचे दारिद्र्य हटवायचे तर कारखाने हवेत आणि कारखान्यांसाठी स्वस्त व भरपूर वीज हवी, अशी त्यांची भूमिका होती. आज बटण दाबताच दिवा लागतो तेव्हा हा इतिहास आपल्या मुलांना सांगायला हवा.

जुना रेडिओ म्हणजे लाकडी पेटीच होती. तिच्या आत काचेचे व्हॉल्व्ह असत. बटण फिरवले की आधी ते व्हॉल्व्ह तापत आणि मग काही वेळाने आवाज येई. छपरावर तारेची एरियल बांधावी लागे. रेडिओ ठेवायला सरकारी लायसन्स लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. ही लायसन्सची पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यात बंद झाली. त्यामुळे रेडिओ हे सावकाराच्या, पाटलाच्या किंवा मोठ्या नोकरदाराच्या घरातले यंत्र होते. आपल्या लोकांना तो ऐकायला मिळे ग्रामपंचायतीपुढे, हॉटेलात किंवा रस्त्याने जाता जाता.

१९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. १९५७ साली विविध भारती आली. १९६३ साली सांगलीला आकाशवाणी केंद्र निघाले आणि आपल्या भागातली बोली, आपल्या भागातला बाजारभाव रेडिओवर ऐकू येऊ लागला. पुढे कोल्हापुरातही केंद्र झाले.

कोल्हापूर जिल्ह्यात झालेला एक प्रयोग

रेडिओच्या इतिहासातली एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडली होती. कल्पना मूळची कॅनडातली. गावातल्या काही लोकांचे श्रोतृमंडळ तयार करायचे. आठवड्यातून दोनदा सर्वांनी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा. मग रेडिओ बंद करून ऐकलेल्या विषयावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवायचे.

प्रयोगानंतर तपासणी झाली. ज्या गावांत असे मंडळ होते तेथील लोकांच्या ज्ञानात मोठी भर पडल्याचे दिसले. ज्या गावांत नुसताच रेडिओ होता, मंडळ नव्हते, तेथे फरक अगदी थोडा पडला. रेडिओ तोच आणि कार्यक्रमही तेच, तरीही हा फरक. एकत्र बसून बोलणारी माणसे एका ठिकाणी होती, दुसऱ्या ठिकाणी नव्हती, एवढेच त्याचे कारण.

ही गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी. पुढे टी.व्ही. आणि मोबाईलबद्दल बोलताना ती आपल्या उपयोगी पडणार आहे.

ट्रान्झिस्टरची करामत

१९४७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली या शास्त्रज्ञांच्या चमूने ट्रान्झिस्टर तयार केला. त्याबद्दल या तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. काचेचा व्हॉल्व्ह जे काम करी तेच काम हा जर्मेनियम धातूसारख्या पदार्थाचा बारीक तुकडा करू लागला. तो तापवावा लागत नाही, सहज फुटत नाही आणि त्याला वीजही फार थोडी लागते. १९५४ साली अमेरिकेत खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीला आला. त्यात अवघे चार ट्रान्झिस्टर होते.

त्यामुळे रेडिओला भिंतीतल्या विजेची गरज उरली नाही. सेल घातले की तो शेतात, बांधकामावर, रात्रपाळीच्या वॉचमनजवळ कुठेही वाजू लागला. ज्या घरात वीज नव्हती त्या घरातही बातम्या पोहोचल्या. लोक रेडिओलाच ‘ट्रान्झिस्टर’ म्हणू लागले, इतका तो आपला झाला.

पुढे एकाच छोट्या पातळ तुकड्यावर अनेक ट्रान्झिस्टर बसवण्याची विद्या निघाली. त्या तुकड्याला चिप म्हणतात. १९७१ साली इंटेल कंपनीने काढलेल्या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२१ साली एका मोबाईलच्या चिपवर १,५०० कोटी ट्रान्झिस्टर मावले. पन्नास वर्षांतली ही झेप आहे. रेडिओ, घड्याळ, कॅमेरा, टेप, कॅल्क्युलेटर, नकाशा आणि बॅटरी अशी सगळी यंत्रे एका मोबाईलच्या पोटात गेली ती या चिपमुळेच.

कॅसेट : आपला आवाज आपल्या हाती

फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट काढली. आपल्या समाजाच्या दृष्टीने या छोट्याशा डबीचे महत्त्व फार मोठे आहे. त्याआधी गाणे रेकॉर्ड करायचे म्हणजे मोठ्या कंपनीच्या दारात उभे राहावे लागे. कुणाचे गाणे घ्यायचे आणि कुणाचे नाही हे कंपनी ठरवी. रेकॉर्ड ऐकायचा ग्रामोफोनही महाग होता.

कॅसेट स्वस्त होती आणि टेपरेकॉर्डरवर कुणालाही आवाज भरता येत असे. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज जयंतीच्या मंडपातून झोपडीपर्यंत गेले, त्यात कॅसेटचा मोठा वाटा आहे. शाळेत न गेलेल्या आपल्या आयाबायांनी चळवळीचा इतिहास गाण्यातून पाठ केला. गावोगावच्या गायनपार्ट्यांची, व्याख्यानांची, लग्नकार्यांचीही कॅसेट निघू लागली. यंत्र नुसते ऐकवत नव्हते. ते आपलेही ऐकत होते.

आज त्या कॅसेट पत्र्याच्या पेटीत पडून आहेत. येथे एक सूचना करावीशी वाटते. कॅसेटच्या फितीवर लोहाच्या संयुगाचा बारीक थर असतो आणि आवाज त्या थरात चुंबकाच्या रूपाने साठवलेला असतो. हा थर काळाबरोबर सुटत जातो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात फितीला बुरशीही धरते. तेव्हा ज्यांच्याकडे वडिलांचे भाषण, आजीच्या ओव्या किंवा जुन्या गायनपार्टीचे ध्वनिमुद्रण असेल त्यांनी ते आजच मोबाईलवर किंवा संगणकावर उतरवून घ्यावे. कॅसेट स्पीकरजवळ किंवा चुंबकाजवळ ठेवू नयेत आणि बुरशी धरलेली फीत साफ केल्याशिवाय लावू नये. बाजारात विकत मिळणारी गाणी पुन्हा मिळतील, पण घरातल्या माणसाचा गेलेला आवाज पुन्हा मिळणार नाही.

टी.व्ही. आणि उंबरठा

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांच्या वेळी रंगीत प्रक्षेपण आले. त्यानंतर गावोगावी छोटी प्रक्षेपण केंद्रे झाली आणि टी.व्ही.चा प्रसार झपाट्याने होऊ लागला. सुरुवातीला अख्ख्या गल्लीत एखादाच टी.व्ही. असे. ज्याच्या घरी टी.व्ही. त्याच्या घरी रविवारी संध्याकाळी सिनेमाला सगळी गल्ली जमे.

आमच्यापैकी अनेकांना आणखी एक आठवण आहे. गावाकडे काही घरांत इतर मुले आत चटईवर बसत आणि आमची मुले दारातून किंवा खिडकीतून पाहत. यंत्र नवे होते, पण उंबरठा जुनाच होता. म्हणूनच काटकसर करून, बोनसच्या पैशातून स्वतःचा टी.व्ही. घेणे ही आपल्या घरांत चैन नव्हती. आपल्या मुलांना कुणाच्या दारात उभे राहावे लागू नये, हा त्यामागचा विचार होता.

पिवळी पाटी ते मिस्ड कॉल

टेलिफोनची कथा अशीच आहे. एकेकाळी फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पिवळ्या पाटीचे एस.टी.डी.-पी.सी.ओ. निघाले. मुंबईला किंवा पुण्याला असलेल्या मुलाशी बोलायला आईवडील रात्री दर कमी झाल्यावर रांगेत उभे राहत आणि मीटरवरच्या आकड्याकडे बघत बोलत.

हातात धरून बोलता येणाऱ्या मोबाईलवरून पहिला फोन ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कमध्ये मार्टिन कूपर या अभियंत्याने केला. त्या यंत्राचे वजन किलोभराहून जास्त होते. भारतात मोबाईल सेवेचा पहिला फोन ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी तो केंद्रीय मंत्री सुखराम यांना केला होता. त्या काळी आलेल्या फोनचेही पैसे पडत. २००३ साली ते बंद झाले आणि मग रिक्षावाले, गवंडी, घरकाम करणाऱ्या भगिनी यांच्या हातात मोबाईल आला. पैसे वाचवण्यासाठी मिस्ड कॉलची भाषा आपल्याच लोकांनी बनवली. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि फोनवर बोलण्यापेक्षा फोनकडे बघणे वाढले.

एकीकडे हे घडत असताना जुने निघून गेले. १५ जुलै २०१३ पासून तारसेवा बंद झाली. पी.सी.ओ.च्या पाट्या उतरल्या. एका यंत्रामागून दुसरे येते आणि पहिल्यावर पोट असणाऱ्याला नवा धंदा शोधावा लागतो, हेही आपण विसरू नये.

उघडून पाहणारे कोल्हापूर

येथवर आपण यंत्र वापरणाऱ्यांची कथा पाहिली. पण यंत्र उघडून पाहणाऱ्यांचीही एक परंपरा आहे आणि ती आपल्याच शहरात आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, आणि त्यांचे बंधू आनंदराव हे कोल्हापूरचे कलावंत. नाटकाचे पडदे रंगवणारे. त्यांना सिनेमा काढायचा होता, पण परदेशी कॅमेरा मिळण्याची ऐपत आणि सोय नव्हती. तेव्हा त्यांनी सिनेमाचे यंत्र समजून घेऊन स्वतःच कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८ साली कॅमेरा पुरा केला आणि त्यावर घेतलेला ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० साली पडद्यावर आला. या मंडळींकडे इंजिनिअरची पदवी नव्हती. हातात कसब होते आणि यंत्राची भीती नव्हती.

पुढे उद्यमनगरात शेतीपंपाची ऑइल इंजिने आणि त्यांचे सुटे भाग बनले, फौंड्र्या उभ्या राहिल्या, त्या याच वृत्तीतून. गल्लीतला रेडिओ मेकॅनिकही त्याच जातकुळीचा. मागचे झाकण काढायचे, मीटर लावायचा, बिघडलेला भाग शोधायचा, डाग द्यायचा आणि सेट बोलता करायचा. आय.टी.आय.मधून रेडिओ-टी.व्ही. मेकॅनिकचा कोर्स करून आपल्याही कितीतरी मुलांनी या धंद्यावर घर चालवले.

आताचा बंद डबा

आताची यंत्रे मात्र उघडू नयेत अशाच बेताने बनवलेली दिसतात. मोबाईलची बॅटरी पूर्वी नखाने निघत असे, आता ती आत चिकटवलेली असते. बऱ्याच फोनच्या बॅटऱ्या साधारण पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाल्या की अशक्त होऊ लागतात. म्हणजे दोन-तीन वर्षांत फोन ‘जुना’ होतो. दुरुस्तीचा खर्च ऐकला की दुकानदारच म्हणतो, ‘‘त्यापेक्षा नवीन घ्या, हप्त्याने देतो.’’ आणि आपण घेतो. जुना फोन ड्रॉवरमध्ये जातो आणि घरात हप्ता येतो.

याचा दुसरा भाग अधिक गंभीर आहे. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला. त्यातला जेमतेम २२ टक्के नीट गोळा होऊन त्यावर योग्य प्रक्रिया झाली. उरलेल्यापैकी पुष्कळसा भंगारातून हातोहात जातो. तांबे मिळवण्यासाठी तारा जाळल्या जातात, सोने मिळवण्यासाठी सर्किटे ॲसिडमध्ये टाकली जातात. तो धूर कोण गिळतो? ते ॲसिड कोणाच्या हातावर उडते? महागडा फोन एकाने वापरायचा आणि त्याचे विष दुसऱ्याने अंगावर घ्यायचे, ही वाटणी आपल्या समाजाला नवी नाही. कचऱ्याचे काम पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या माथी मारले गेले, त्यांनीच हा नवा कचराही उघड्या हातांनी उपसायचा काय?

सुधारणा होत आहेत. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत आणि कचरा गोळा करून त्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. युरोपात तर ग्राहकाला स्वतः बदलता येईल अशी बॅटरी २०२७ पासून द्यावी, असा कायदा झाला आहे. यंत्र विकत घेतले म्हणजे ते दुरुस्त करण्याचा हक्कही आपला, हा विचार जगभर मूळ धरत आहे.

दुरुस्तीचे मोल कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी घरात शिरले, तेव्हा टी.व्ही., फ्रीज, मिक्सर सारेच बुडाले. अशा वेळी एक नियम पाळावा. भिजलेले यंत्र चालते की नाही हे पाहण्यासाठी बटण कधीही दाबू नये. आधी घरातला मेन स्विच बंद करावा. यंत्र जाणकाराकडून उघडून, धुऊन, पूर्ण वाळवून घ्यावे. फुगलेली मोबाईलची बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला लावू नये.

पुढे काय येणार?

आता यंत्रे ऐकू आणि बोलू लागली आहेत. मराठीत बोललेले फोन लिहून घेतो, लिहिलेले वाचून दाखवतो, एका भाषेतले दुसऱ्या भाषेत सांगतो. ज्या आजीला शाळेचे दार बंद होते, तिला सरकारी कागद वाचून दाखवणारे यंत्र मिळणे ही लहान गोष्ट नाही. मनगटावरचे घड्याळ नाडी मोजते. फौंड्रीत माणसाऐवजी यंत्राचा हात उकळता रस ओतू शकतो. कष्टाचे, धोक्याचे काम यंत्राने करावे याचा आनंदच आहे. पण त्या माणसाच्या हाताला दुसरे काम मिळणार का, हा प्रश्न त्याच वेळी विचारला पाहिजे.

शिवाय नवी यंत्रे कॅसेटपेक्षा एका बाबतीत वेगळी आहेत. कॅसेटमध्ये भरलेला आवाज आपल्या पेटीत राही. फोनमध्ये भरलेले फोटो, आवाज, पैशाचे व्यवहार यांतले बरेचसे दूर कुठल्यातरी कंपनीच्या संगणकात जाऊन बसते. यंत्र आपले बोलणे ऐकते, पण ते कोणासाठी ऐकते हे ठाऊक असले पाहिजे. ते न समजता वापरणारा माणूस ग्राहक राहतो आणि कधी कधी तर गिऱ्हाईकाऐवजी मालच बनतो.

आपण काय करावे?

१९५६ च्या त्या प्रयोगाकडे पुन्हा वळू या. नुसत्या रेडिओने गाव शहाणे झाले नाही. रेडिओभोवती बसून बोलणाऱ्या माणसांनी झाले. आज प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आहे आणि एकाच खोलीत चौघे चार दिशांना बसतात. म्हणून आम्ही सुचवतो की वस्तीतल्या विहारात किंवा वाचनालयात महिन्यातून एक रविवार यंत्रांसाठी ठेवावा.

त्या दिवशी कॉलेजची मुले वडीलधाऱ्यांना फोनवरून शिष्यवृत्तीचा, पेन्शनचा अर्ज कसा भरायचा ते दाखवतील. फसवणुकीचे फोन कसे ओळखायचे आणि पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार कशी करायची ते सांगतील. वस्तीतला मेकॅनिक बंद पडलेला पंखा, मिक्सर, रेडिओ मुलांसमोर उघडून दाखवील. मुलांबरोबर मुलीही तेथे स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसल्या पाहिजेत. घराघरांतून बंद पडलेले फोन आणि चार्जर एका पेटीत गोळा करून अधिकृत केंद्राकडे एकत्र देता येतील, म्हणजे ते घंटागाडीत आणि मग कुणाच्या तरी उघड्या हातात जाणार नाहीत.

दहावीनंतर पुढे काय, असा प्रश्न पडलेल्या मुलामुलींनी आय.टी.आय.च्या दोन वर्षांच्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक कोर्सची चौकशी जरूर करावी. ज्यांना शक्य आहे त्यांनी पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगपर्यंत जावे. आणि पालकांनी नवा फोन हप्त्याने घेण्यापूर्वी एकच हिशेब मांडावा : हप्त्यांची एकूण रक्कम किती आणि तेवढ्यात मुलाची किती महिन्यांची फी भरली असती?

पूर्वी आपल्याला ज्ञानाचे पुस्तक उघडू दिले जात नव्हते. ते आपण झगडून उघडले. आता ज्ञान यंत्राच्या पोटात जाऊन बसले आहे आणि त्याला झाकण लावलेले आहे. ते झाकण उघडण्याची जिद्द आपल्या मुलामुलींमध्ये यावी. त्यासाठी येत्या रविवारी घरातला बंद पडलेला रेडिओ खाली काढावा आणि मुलांना सोबत घेऊन एखाद्या जाणकाराकडे जावे. तो चालू होईल न होईल, पण आत काय असते ते मुलांना कळेल.